माळ्यावरचं दप्तर

२०२३च्या दिवाळीच्या आगेमागे महाराष्ट्रात मोडी वाचता येणाऱ्या माणसाला एकाएकी भाव आला. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीनं मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदींचा शोध आधी मराठवाड्यात आणि मग राज्यभर सुरू केला. तहसील कचेऱ्यांच्या अभिलेख कक्षांतून धूळ खात पडलेली बाडं टेबलावर आली. त्यात गावाकडे ‘कोतवाल बुक’ म्हणून ओळखली जाणारी जन्ममृत्यूची वही होती, शाळेची दाखल-खारीज होती, खासरा पत्रकं आणि पाहणी पत्रकं होती. मराठवाड्यात निजामाच्या अमदानीतले उर्दू-फारसी कागदही होते. एवढ्या कागदांत शोधायचा होता एकच शब्द. तो बाळबोधीत असेल तर कारकून शोधू शकत होता. मोडीत असेल तर मात्र निवृत्त शिक्षक, हौशी इतिहासप्रेमी, सहा महिन्यांचा मोडीचा वर्ग केलेली कॉलेजची मुलं अशा सगळ्यांची मनधरणी करावी लागली. जानेवारी २०२४मध्ये सुमारे ५४ लाख नोंदी सापडल्याचं सरकारनं सांगितलं.

सरकारी कपाटातून नोंद निघाली म्हणजे काम झालं असं नव्हतं. नोंद असायची खापरपणज्याची. तो माणूस आपलाच खापरपणजा, हे दाखवायला मधल्या तीन-चार पिढ्यांची साखळी जुळवावी लागते. ती वंशावळ प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यायची, आणि प्रत्येक कडीला पुरावा जोडायचा. मग लोक माळ्यावर चढले. ट्रंका उघडल्या, देवघराखालची पेटी उपसली, शहरात राहणाऱ्या चुलत भावाला दहा वर्षांनी फोन केले. भाऊबंदकीत बोलणं बंद असलेली घरं या निमित्तानं बोलू लागली, हा त्यातला न मागता मिळालेला फायदा.

आरक्षणाच्या वादात मला इथे शिरायचं नाही. एक मात्र नोंदवायला हवं की हा शोध सगळ्यांना नवा नव्हता. अनुसूचित जाती, भटके-विमुक्त आणि इतर मागासवर्गातली घरं जात पडताळणीच्या निमित्तानं हेच काम कित्येक वर्षं करत आली आहेत. १० ऑगस्ट १९५०, २१ नोव्हेंबर १९६१, १३ ऑक्टोबर १९६७ या तारखा त्या घरांतल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलांना पाठ असतात. आपापल्या प्रवर्गाच्या तारखेआधीचा कागद मिळाला तर पुढचं शिक्षण सुकर, नाहीतर हेलपाटे. ज्यांच्याकडे कागद ठेवायला पेटी नव्हती आणि पेटी ठेवायला पक्कं घर नव्हतं, त्यांच्याकडेच व्यवस्थेनं सर्वांत जास्त कागद मागितले.

या धांदलीत एक गोष्ट वारंवार घडली. पेटीतून हवा तो कागद निघाला की त्याच्या झेरॉक्स काढल्या, मूळ कागद लॅमिनेट केला, आणि बाकीचं गाठोडं पुन्हा माळ्यावर गेलं. कुठे कुठे ते थेट रद्दीत गेलं. या लेखाचा विषय ते बाकीचं गाठोडं आहे.

आपल्याकडे घरचे कागद जपले गेले ते पूर्वजांवरच्या मायेपोटी, असं आपल्याला वाटायला आवडतं. खरं कारण रोकडं आहे. कागद जपला तो हक्क जपण्यासाठी. पाटीलकी, कुळकर्ण, देशमुखी, देशपांडेपण, जोशीपण, इनाम जमीन, देवस्थानची पूजा, गावच्या होळीचा मान, या प्रत्येकाला कागद लागे. वाद उभा राहिला की गोतसभा बसे आणि निवाड्याचा महजर होई. घराण्यानं आपल्या वतनाची हकीकत सांगायची ती ‘करीना’ लिहून. त्यात मूळपुरुष कोण, त्याला वतन कोणी दिलं, मधल्या काळात ते कोणी बळकावलं, कोणाचा खून झाला, कोण परागंदा झालं, सगळं असे. कागदानं भागलं नाही तर दिव्य करावं लागे, उकळत्या तेलात हात घालावा लागे. कागद असणं म्हणजे हात वाचणं, हे त्या काळी अगदी शब्दशः खरं होतं.

म्हणून तर खोटे कागदही तेवढेच झाले. वतनाच्या तंट्यात बनावट सनद पुढे करणं हा जुना उद्योग आहे आणि जुन्या निवाड्यांत तो पकडला गेल्याचे दाखलेही आहेत. कुणी आपल्या घराण्याचा मूळपुरुष थेट एखाद्या राजवंशाला नेऊन भिडवतो, तेव्हा मी मनातल्या मनात त्या करीन्याच्या लेखकाला नमस्कार करतो. वंशावळ ही अर्जाला जोडायची पुरवणी असते. अर्ज कसला होता ते कळल्याशिवाय तिच्यावर विश्वास ठेवू नये. १६७४च्या राज्याभिषेकाआधी शिवाजी महाराजांचं कुळ उदयपूरच्या सिसोदियांशी जोडणाऱ्या वंशावळीची गरज पडली, आणि त्या संबंधाविषयीची चर्चा इतिहासकारांत अजूनही संपलेली नाही. छत्रपतींच्या घराची ही गत, तर बाकीच्यांचं काय सांगावं! तंजावरच्या सरफोजीराजांनी १८०३मध्ये भोसले वंशाचा इतिहास बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर मराठीत कोरून घेतला. राज्याचा कारभार कंपनीकडे जाऊन फार वर्षं झाली नव्हती. वंश सांगण्याची घाई माणसाला नेमकी अशाच वेळी होते.

कागदावर हक्क टिकतो, तसा कागदामुळेच तो जातोही, हा धडा १९व्या शतकात इनाम कमिशननं दिला. १८४३पासून सुरू झालेल्या चौकशीला १८५२च्या कायद्यानं जोर आला. इनामदारानं आपली सनद आणि वहिवाट सिद्ध करायची, नाहीतर इनाम खालसा. जुन्या वतनदारांची दप्तरंही सरकारनं ताब्यात घेतली. आज पुण्याच्या पुराभिलेखागारात, ज्याला जुने लोक अजून पेशवे दप्तर म्हणतात, खाजगी घराण्यांचे इतके कागद दिसतात त्याचं एक कारण हे आहे. घरोघरी मात्र एक धास्ती राहिली. ‘कागद दाखवू नका, सरकार जमीन घेईल’ ही आजोबांची ताकीद पुढे तीन पिढ्या टिकली. वि. का. राजवाडे पाठीवर पडशी टाकून गावोगाव दप्तरं शोधत हिंडले तेव्हा कित्येक दारं त्यांच्यासाठी उघडली नाहीत. त्यांच्या रागीट स्वभावाच्या गोष्टी आपण चवीनं सांगतो, पण बंद दारामागच्या माणसाची भीतीही खोटी नव्हती.

राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८मध्ये निघाला. त्याच सुमाराला मिरजेत वासुदेवशास्त्री खरे नावाचे शाळामास्तर पटवर्धनांच्या दप्तरांवरून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ छापू लागले होते. १९१०मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालं. ३१ डिसेंबर १९२६ला राजवाडे धुळ्यात गेले आणि त्यांचे कागद सांभाळायला तिथे संशोधन मंडळ उभं राहिलं. गोविंद सखाराम सरदेसायांनी पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ भाग संपादित केले ते १९३०नंतरच्या मोजक्या वर्षांत. ही नावं आपण शाळेत ऐकलेली असतात. पण या सगळ्यांच्या खंडांत छापलेला कागद मुळात कुणाच्या तरी घरातून आलेला आहे, हे शाळेत कुणी सांगत नाही.

भोरजवळ कारी नावाचं गाव आहे. तिथलं जेधे घराणं म्हणजे रोहिडखोऱ्याचे देशमुख कान्होजी जेधे यांचं. या घरात एक छोटी टिपणवजा वही होती. शक, संवत्सर, तिथी आणि त्या दिवशी काय घडलं याची एखाद-दुसरी ओळ, एवढाच मजकूर. वर्णन नाही, अलंकार नाही, कौतुक नाही. घरातल्या कुणीतरी आपल्या उपयोगासाठी केलेली ही टाचणं होती, आणि त्यातल्या पुष्कळ ओळी वतनदारांच्या आपसातल्या उलाढालींच्या होत्या. जेध्यांनी ती लोकमान्य टिळकांना दिली. टिळकांनी १९१६मध्ये ती प्रसिद्ध केली, आणि मोठा गदारोळ उडाला. तोवर शिवाजी महाराजांचा जन्म १६२७ सालचा मानत. जेधे शकावलीत तो शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया असा होता, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०.

एका देशमुखाच्या घरच्या टिपणावर विसंबून महाराजांची जन्मतिथी बदलायची का? विरोध झाला, आणि तो योग्यच होता. एका कागदावर इतिहास उभा राहत नाही. पुढे परमानंदाच्या ‘शिवभारता’ची पोथी तंजावरला सापडली, तिच्यात तीच तिथी निघाली. जोधपूरकडच्या एका ज्योतिष्याच्या संग्रहात महाराजांची जन्मकुंडली मिळाली, तीही जुळली. कारी, तंजावर, जोधपूर. तीन ठिकाणच्या, एकमेकांशी संबंध नसलेल्या माणसांनी आपापले कागद टिकवले म्हणून आज सरकारी शिवजयंती १९ फेब्रुवारीला होते. आता कल्पना करा की जेध्यांपैकी कुणी ‘आपल्या वतनाच्या कामाचं यात काही नाही’ म्हणून ती वही बाजूला काढली असती.

स्वातंत्र्यानंतर नेमकं तेच हजारो घरांत झालं. १९५०च्या कायद्यानं परगणे आणि कुळकर्णी वतनं गेली, १९५८च्या कायद्यानं महार वतनासह गावकामगारांची कनिष्ठ वतनं गेली, १९६२मध्ये पाटीलकी गेली. न्यायाच्या दृष्टीनं हे व्हायलाच हवं होतं. पण वतन गेलं तसं कागदाचं कारणही गेलं. त्याआधी गांधीहत्येनंतरच्या १९४८च्या जळितात सातारा, सांगली, कोल्हापूरकडचे अनेक वाडे दप्तरांसकट राख झाले होते. १२ जुलै १९६१ला पानशेतचं धरण फुटलं आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठांतल्या किती पेट्या चिखलात गेल्या त्याची मोजदाद कुणी ठेवली नाही. पण आग आणि पूर यांपेक्षा जास्त कागद वाटणीनं नेले असं माझं मत आहे. वाडा बिल्डरला दिला, चौघा भावांनी फ्लॅट घेतले, आणि गाठोडं ठेवायला जागा कुणाकडेच नव्हती.

गाठोडं उघडलं तर दिसतं काय? वर बहुधा विसाव्या शतकातले कागद, पावत्या, पोस्टकार्डं, शेतसाऱ्याची बिलं. हे पिवळे पडून हातात तुटतात. खाली गेलात की १८व्या शतकातलं पत्र निघतं आणि ते अजून लवचीक, शुभ्र नसलं तरी धडधाकट. जुना कागद चिंध्यांपासून हातानं केलेला. जुन्नरी किंवा दौलताबादी. पुढचा गिरणीचा कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यातल्या आम्लानं तो स्वतःलाच खातो. म्हणून पणजोबांच्या पत्रापेक्षा वडिलांच्या वर्तमानपत्रातल्या कात्रणाची काळजी आधी घ्यायला हवी. जुनं पत्र उलगडताना कधी बारीक वाळू सांडते. शाई टिपायला लिहिणाऱ्यानं टाकलेली वाळू दोन-अडीचशे वर्षं घडीत बसून राहिलेली असते.

मग मोडी. शिकायला ती वाटते तितकी अवघड नाही, वाचायला मात्र वाटते त्याहून अवघड आहे. आधी आडवी शिरोरेषा ओढायची आणि बोरू शक्य तितका न उचलता खाली अक्षरं ओवत जायचं, अशी ही लिपी. ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळत नाही, दोन शब्दांत जागा सोडत नाही. ‘मौजे’, ‘राजश्री’, ‘पाटील’ असे नेहमीचे शब्द एखाद-दुसऱ्या अक्षरावर उरकतात. शिवकालीन, पेशवेकालीन आणि आंग्लकालीन वळणं वेगळी, आणि त्यात लिहिणाऱ्याची घाई. मुळाक्षरं महिन्याभरात येतात, पण आपल्याच घरच्या कुळकर्ण्याचा हात लागायला वर्ष जातं. पुराभिलेख संचालनालय मोडीचे अल्प मुदतीचे वर्ग घेतं, मंडळंही घेतात. घरात एकानं तरी हे शिकावं. सरावासाठी आपलंच दप्तर असेल तर कंटाळा येत नाही.

वाचता आलं तरी तारखेपाशी अडतं. मराठ्यांच्या कागदांत शालिवाहन शक असतो, फसली असते आणि सर्वांत जास्त घोळ घालणारा शुहूर किंवा अरबी सन असतो. तो आकड्यात लिहीत नाहीत, अरबी शब्दांत लिहितात: इहिदे म्हणजे एक, इसन्ने म्हणजे दोन, सितैन म्हणजे साठ, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे ११६१. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७६० येतं. पण हे वर्ष मृगाच्या सुमारास, जूनमध्ये सुरू होतं. म्हणून जून १७६० ते जून १७६१ असं ते एक वर्ष, आणि १४ जानेवारी १७६१चं पानिपत त्यातच पडतं. ‘छ’ दिसला की पुढे मुसलमानी चांद्रमासाची तारीख आहे असं समजायचं. हे गणित न करता ज्यांनी कुलवृत्तांतात सनावळ्या घातल्या, त्यांच्या पुस्तकांत नातू आजोबांच्या आधी जन्मलेले आढळतात.

कुलवृत्तांत हा खास मराठी प्रकार. गेल्या शतकात कोकणस्थ घराण्यांनी तो सुरू केला आणि मग इतरांनी उचलला. कुलमंडळ स्थापायचं, शाखा शोधायच्या, गोत्र, कुलदैवत, मूळ गाव, मग घराणेनिहाय वंशवृक्ष, आणि सोबत प्रत्येकाचा शिक्षण-नोकरीसह चार ओळींचा तपशील. ते संकलन करणारी माणसं बहुधा निवृत्त, चिकाटीची आणि घरच्यांच्या थट्टेचा विषय झालेली असत. पोस्टकार्डांवर पोस्टकार्डं टाकून त्यांनी जमवलेली माहिती आज दुसरीकडे कुठेही मिळणार नाही. तरी या पुस्तकांत एक मोठं भगदाड आहे. जुन्या वंशवृक्षांत बाई नाही. बापाच्या खाली मुलगे, त्यांच्या खाली मुलगे. मुली असल्याच तर ‘कन्या २’ एवढ्यावर भागवलेलं. बायको आली तरी सासरच्या नावानं.

आपल्याकडच्या वंशशोधातली सर्वांत अवघड गाठ हीच आहे. लग्नात आडनाव बदलतं तसं पहिलं नावही बदलायचं. माहेरची गोदावरी सासरी सरस्वती व्हायची. मग बाळंतपणात ती गेली की दुसरी यायची, आणि काही घरांत तिलाही सरस्वतीच म्हणत. कागदात ‘सरस्वतीबाई कोम अमुक’ दिसली तर ती नेमकी कोण, हे सांगणारं कुणी नसतं. पुरुष मात्र ‘अमुक बिन तमुक’ म्हणून बापाच्या नावासकट उभा असतो. आडनावं तर अगदी अलीकडे घट्ट झाली. एकाच घराची एक पाती पाटील, दुसरी गावावरून अमुककर आणि तिसरी मूळ उपनावानं, असं सर्रास आहे. पुरुषांच्या आडनावांचा गुंता सुटतो. बाईच्या दोन नावांचा सुटत नाही.

बाई सापडते ती तलाठ्याकडे. गाव नमुना ६ म्हणजे फेरफार आणि ६-क म्हणजे वारस नोंदवही. कुटुंबप्रमुख मयत झाला की वारस लागतात, आणि १९५६च्या वारसा कायद्यानंतर तिथे विधवा आणि मुली नावानिशी येऊ लागल्या. मुलीचं सासरचं नाव, गाव, वय, सगळं एका ओळीत मिळतं. आणि पुढच्याच पानावर बहुतेकदा हक्कसोडपत्राचा फेरफार असतो. बहिणींनी भावांच्या लाभात हक्क सोडला, नाव कमी केलं. साडीचोळीवर सह्या-अंगठे झालेले असतात. शंभर वर्षांच्या घरच्या कागदांत त्या मुलीचं पूर्ण नाव पहिल्यांदा आलं तेच ते कमी करण्यासाठी. फेरफार कोरडा असतो म्हणतात. मला त्याच्याइतका बोलका घरगुती कागद दुसरा माहीत नाही.

ज्यांच्या घरी दप्तर नव्हतं त्यांचे पूर्वज कुठे शोधायचे? त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर, काशी, गया इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या हा एक मोठा ठेवा. गाव आणि आडनाव सांगितलं की उपाध्याय योग्य ती वही काढतात. आधी येऊन गेलेल्यानं आपल्या हातानं लेख लिहिलेला असतो: मी अमुक, वडील तमुक, आजोबा, चुलते, मुलं, आणि आमच्या वंशातल्यांनी इथे आल्यावर यांनाच पूजावं. श्राद्धाला गेलेल्या घरमालकाच्या लेखात आईचं, आजीचंही नाव येतं, कारण पिंड तिलाही द्यायचा असतो. दक्षिण महाराष्ट्रात आणि लगतच्या कर्नाटकात हेळवी येतात. पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या घरी येऊन ते त्या घराची वंशावळ म्हणून दाखवतात, नवीन जन्मलेल्यांची भर घालतात, धान्य घेऊन पुढे जातात. त्यांना दारातून परत पाठवणाऱ्या नव्या बंगल्यांनी आपलंच रजिस्टर परत पाठवलेलं असतं.

समुद्रापलीकडेही धागे आहेत. १९व्या शतकात रत्नागिरी, सातारा भागांतून गिरमिटिया मजूर मुंबई बंदरातून मॉरिशसला गेले. तिथे मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत त्या मजुरांची नोंदपुस्तकं आहेत. माणसाचा क्रमांक, बापाचं नाव, जात, गाव, जहाज, आणि पुढच्या काळातल्या पुष्कळांचे फोटोसुद्धा. त्यांच्या आजच्या वंशजांना पणजोबांचा चेहरा माहीत असतो, पण इंग्रज कारकुनानं कानाला लागेल तसं लिहिलेलं गावाचं नाव कोकणात नेमकं कुठलं, हे लागत नाही. इथल्या गावातल्या घराला मात्र आपला एक भाऊ जहाजावर चढला होता याची दादही नसते. गोव्यात उलट. पोर्तुगीज अमदानीची कागदपत्रं सांभाळणारं पणजीचं पुराभिलेखागार १५९५पासूनचं आहे, चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या आहेत, गावकऱ्यांच्या वांगडांच्या याद्या आहेत. १९ डिसेंबर १९६१पूर्वी गोव्यात जन्मलेल्या आजोबांचा दाखला लिस्बनमध्ये नोंदवून पोर्तुगीज नागरिकत्व घेणाऱ्यांची तिथे रीघ लागलेली असते. मराठवाड्यात काय आणि मडगावात काय, माणूस आजोबांना शोधायला निघतो तो एका दाखल्यासाठीच. त्यात कमीपणा काही नाही. वतनदारही त्यासाठीच कागद जपत होते.

पण म्हणूनच बाकीचं गाठोडं टाकू नये, आणि याचं कारण भावनेचं नाही. जुन्या महजराच्या शेवटी पाहा. निवाड्याला हजर असलेल्या पांढरीची, म्हणजे गावकऱ्यांची, नावं असतात: पाटील, कुळकर्णी, सुतार, लोहार, चांभार, न्हावी, परीट, महार. लिहिता न येणाऱ्यांनी आपल्या धंद्याची निशाणी केलेली असते. पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, सुताराचं हत्यार. देशमुखाच्या वाड्यात पडलेला तो कागद त्या महाराच्या आणि सुताराच्या वंशजांसाठी अडीचशे वर्षांपूर्वीचा एकमेव पुरावा असू शकतो. तो त्यांच्या घरात नाही. तो तुमच्या माळ्यावर आहे. आज जात पडताळणीला हेलपाटे घालणाऱ्या गावातल्या मुलाचा पणजा तुमच्या आजोबांच्या कूळवहीत ‘खंड बाकी’ या सदराखाली बसलेला असेल. जुनं घराणं असण्याची काही जबाबदारी असलीच तर ती एवढीच आहे असं मला वाटतं.

तेव्हा काही कामाच्या गोष्टी. कागद लॅमिनेट करू नका. उष्णतेनं प्लास्टिक चिकटतं ते पुन्हा निघत नाही आणि कागद आतल्या आत मरतो. सेलोटेप, टाचण्या, स्टेपल, काहीच नको. घडीवर फाटलं असेल तर तसंच राहू द्या, चिकटवू नका. जुन्या लोकांचा खारव्याचा रुमाल आणि त्यात वेखंडाची पुरचुंडी ही पद्धत आजही चांगली. प्लास्टिकच्या पिशवीत मात्र दमट हवा कोंडते आणि बुरशी येते. गाठोड्यातला क्रम मोडू नका. कोणता कागद कोणाच्या शेजारी होता यावरूनही पुष्कळ कळतं. मोबाइलवर दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता, दोन्ही बाजूंचे फोटो घ्या आणि ते निदान तीन घरांत ठेवा, त्यातलं एक दुसऱ्या गावातलं असू द्या. जुन्या फोटोंमागे मऊ पेन्सिलीनं नावं लिहा, बॉलपेननं नको. सांभाळणं झेपत नसेल तर पुण्याचं मंडळ, धुळ्याचं मंडळ, किंवा जवळचं पुराभिलेखागार यांच्याशी बोला. देताना यादी करून पोच घ्या आणि नकला स्वतःकडे ठेवा. रद्दीवाल्याला देण्याआधी एक फोन करायला काही पडत नाही.

हा अंक तुमच्या हातात पडेल तोवर दिवाळीची साफसफाई झालेली असेल, आणि माळ्यावरचं जे जायचं ते गेलंही असेल. उरलं असेल ते यंदा खाली काढा. भाऊबीजेला आत्या येईल तेव्हा जेवणानंतर तिच्यासमोर फोटो मांडा आणि वही-पेन घेऊन बसा. तिच्या आईचं माहेरचं नाव काय होतं, आजीचं काय होतं, त्या कोणत्या गावच्या, हे आधी विचारा. पुरुषांची नावं सात-बाऱ्यावर मिळतील. ही नावं तिच्याशिवाय कुणाकडे नाहीत.